सायगावची सवय

“घोड्यासही कळत नाहीं, डावें कोणतें नि उजवें कोणतें. सगळा देशच उफराटा.”

पुटपुटणं अगदी हलकं होतं. पण त्या मोटारीचं नाक आमच्या घोड्याच्या नाकाला जवळजवळ टेकलं होतं आणि मी जटक्यात, म्हणजे आमच्या घोडागाडीत, पुढेच बसले होते, त्यामुळे शब्द न शब्द ऐकू आला. नवल म्हणजे तो मराठीत होता. तिरुभुवनमचा रस्ता, दोन्ही बाजूंना भाताची शेतं, मांडीवर विणकरांकडून आणलेलं रेशमी लुगडं – आणि समोर एक घामेजलेला मुलगा, तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या आमच्या घरच्या जुन्या मराठीत आमच्याच घोड्याला नावं ठेवतोय.

“घोड्यास कळतें,” मी म्हटलं. “तो डावीकडेंच उभा आहे.”

त्याने मान वर केली. कुंभकोणमात कुणाला बोल लावायचे तर मराठीत लावावेत, कळत नाहीत, असा आम्हा सगळ्यांचाच समज. कळणारं माणूस भेटलं की कानाच्या पाळ्या कशा लाल होतात, ते मी त्या दिवशी पाहिलं.

“क्षमा असावी... सायगांवांत उजवीकडून चालवितात.”

“हें कुंभकोणम.”

“होय. तें आतां कळलें.”

“आणखी एक. ही मोटार माझ्या अप्पांची आहे.”

पाठीमागून आत्याने लुगड्याच्या गाठोड्याआडून डोकं काढलं. “कोण गे तो, शिवकामी?”

“अप्पांनी बोलाविलेला नवा ड्रायव्हर असावा.”

“बरें. घोडा जिवंत आहे ना?” म्हणाली, आणि पुन्हा गाठोड्याआड गेली.

त्याचं नाव सेतू. लहानपणीच काकांबरोबर समुद्रापलीकडे, फ्रेंचांच्या सायगावात गेला, तिथेच मोटार शिकला. अप्पांच्या दोन बस होत्या, मायावरमच्या रस्त्यावर धावायच्या. त्यांना भरवशाचा, आपल्यातला माणूस हवा होता, म्हणून पत्र घालून त्याला बोलावलं होतं. त्या दिवशी तो दुरुस्तीला दिलेली आमची मोटार आणायला मायावरमला निघालेल्या अप्पांच्या माणसाबरोबर गेला होता, आणि येताना मोठ्या हौसेने एकटाच घेऊन आला.

आला तो असा.

त्याच्याकडे लायसन होतं, फोटो लावलेलं, फ्रेंच शिक्क्याचं. पोलीस कचेरीतल्या माणसाने ते उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं आणि परत दिलं. मद्रास इलाख्यात चालवायचं तर मद्रास इलाख्याची परीक्षा द्यायची. नापास झाला, तर अप्पा बस देणार नव्हते, आणि पाँडिचेरीहून पुढच्या महिन्यात सुटणाऱ्या बोटीने त्याला परत जावं लागणार होतं. काकांनी तिथली जागा तोवर राखून ठेवली होती.

“सरावच हवा,” अप्पा म्हणाले. “रोज संध्याकाळी मोटार काढा. मागें कोणी तरी बसून सांगत राहिलें पाहिजे.”

आत्याने लगेच देवळांची यादी सुरू केली. रोज मोटार फिरणारच, तर पुण्य वाया का घालवा? आणि आत्या एकटी कशी जाणार? म्हणून मी.

तर अशी आमची शाळा भरू लागली. पहिला धडा मोटारीत बसण्याचा. सायगावात मोटार वळवायचं चक्र डाव्या हाताला असतं म्हणे. सेतू रोज ऐटीत डावं दार उघडायचा, आत बसायचा, समोर चक्र नाही असं पाहायचा – आणि जणू काच पुसायलाच आलो होतो अशा थाटात काच पुसून पलीकडे जायचा. आमच्या मोटारीची डावी काच गावात सगळ्यात स्वच्छ होती.

“डावें,” मी मागून म्हणायचे.

“होय.”

“तें उजवें.”

“तुम्ही हळू बोलतां. ऐकूं येत नाहीं.”

“मी हळू बोलत नाहीं. आत्याला विचारा.”

आत्या डोळे मिटून जप करत असायची. वळण आलं की जप जरा मोठ्याने व्हायचा, एवढंच.

नाचियारकोविलच्या रस्त्यावर दिवेवाल्यांच्या दुकानांपुढे पितळी समया उन्हात तळपत असत. तिथे एकदा त्याने मोटार इतकी सावकाश नेली की पायी चालणारे पुढे गेले.

“आरशांत मागचा रस्ता बघावयाचा असतो,” मी म्हटलं.

“रस्ताच बघतों आहें.”

“रस्त्यानें केसांत मोगरा माळला आहे कां?”

“आज अबोली आहे,” तो म्हणाला. आणि मोटार उजवीकडे गेली.

“डावें!” हे आत्या म्हणाली. डोळे मिटलेलेच.

पुढे पुढे त्याला सांगावं लागेनासं झालं. मोटार रस्त्याच्या डाव्या कडेला अशी बसली, जशी माझ्या नव्या लुगड्याची किनार. तरी मी ‘डावें’ म्हणत राहिले आणि तो ‘होय’ म्हणत राहिला. हे दोनच शब्द – पण ते किती तऱ्हांनी म्हणता येतात, ते मला तोवर ठाऊक नव्हतं.

एका संध्याकाळी गोविंदपुरमला भजन आटोपून आम्ही बाहेर आलो तर पाऊस भुरभुरत होता. आत्या ओळखीच्या बायकांशी बोलत मंडपातच राहिली. सेतू काच पुसत होता. या वेळी उजवी, खरोखरीच.

“परीक्षेंत मागें कोण बसणार?” त्याने विचारलं.

“कोणी नाहीं. इन्स्पेक्टर शेजारीं.”

“ते डावें म्हणणार नाहींत.”

“म्हणावें लागणार नाहीं. तुम्हांस येतें आतां.”

“येतें,” तो म्हणाला. फडकं पिळलं. ते पुरेसं कोरडं होतं, तरी पुन्हा पिळलं. “आणि नाहीं आलें, तर... बोट आहेच.”

मी काहीतरी म्हणायला हवं होतं. त्यानेही. पदरावर पावसाचे थेंब पडत होते, ते मी एकेक करून झटकत बसले. मग आत्या आली आणि म्हणाली, “निघूं या, शेंगदाण्यांचा प्रसाद भिजतो आहे.” घरीही तसंच. अप्पा लायसनबद्दल बोलायचे, आत्या बोटीबद्दल, आणि या दोन गोष्टींच्या मधलं कुणीच काही बोलायचं नाही.

परीक्षेच्या दिवशी आत्याने मला आत राहायला सांगितलं. मी केस विंचरले, अबोली माळली आणि बाहेर ओट्यावर येऊन खांबाला टेकून उभी राहिले. आमचं घर रस्त्याच्या उजव्या अंगाला.

इन्स्पेक्टर स्वामीनाथ हे गंभीर गृहस्थ, हसायचं तर खात्याची परवानगी लागेल असे. त्यांना शेजारी बसवून सेतूने महामहम तळ्याला वळसा घातला, बाजारातून गाई-बैलांतून मोटार काढली, हात बाहेर काढून खुणा केल्या. हे सगळं अप्पांनी सायकलवरून मागे राहून पाहिलं. कुठेच चूक नाही. मग शेवटी मोटार आमच्या रस्त्यात शिरली.

डाव्या कडेने आली. अगदी सरळ. मी पाहिलं, तेव्हा त्यानेही पाहिलं.

मग ती मोटार, कसलीही घाई न करता, रस्ता ओलांडून उजवीकडे आली, आत्याच्या रांगोळीवर चढली आणि आमच्या ओट्याला हलकेच टेकून थांबली. स्वामीनाथांची टोपी त्यांच्या मांडीत पडली.

समोरची फुलवाली अलमेलु टोपली घेऊन धावत आली. तिच्यामागे निम्मी गल्ली.

“हे काय?” स्वामीनाथांनी तमिळात विचारलं.

सेतूने चक्रावरचे हात काढले नाहीत. माझ्याकडे तर बघितलंही नाही. “सवय, साहेब,” तो म्हणाला. “सायगावची.”

“सवयच हो,” सायकल टेकवत अप्पा म्हणाले. “बिचारा तिकडेच वाढला.”

“सवय!” आत्याने दारातून दुजोरा दिला. रांगोळीबद्दल अवाक्षर नाही, हे विशेष.

“सवय वाईटच,” अलमेलु म्हणाली, माझ्या केसांतल्या अबोलीकडे बघत. सकाळी तिनेच ती मला दिली होती.

स्वामीनाथांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. “बाकी सगळं उत्तम होतं. एखाद वेळचा गलथानपणा असता तर मी पुन्हा फिरवून पाहिलं असतं. पण सवय? उद्या बसमध्ये माणसं असतील. हाडात मुरलेली सवय जात नाही. मी तसंच लिहितो, म्हणजे पुन्हा कुणी याची परीक्षाच घेणार नाही.” आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

अप्पांनी घसा खाकरला. मराठीत, हळूच म्हणाले, “मग बोटीचें बघावें लागेल, सेतू.”

“होय,” तो म्हणाला.

हे ‘होय’ माझ्या ओळखीचं नव्हतं.

त्याला एका वाक्यात सुटता आलं असतं. ते वाक्य तो माझ्यासाठीच गिळत होता, कारण गल्लीत मुलीचं नाव निघालं की ते किती दिवस घरोघर फिरतं, हे सायगावात वाढलेल्या माणसालाही ठाऊक असतं. अप्पांना खरं ठाऊक होतं. आत्याला तर आरशातल्या अबोलीपासून ठाऊक होतं. सगळे जण माझी अब्रू सांभाळत होते, आणि त्यापायी तो समुद्रापार चालला होता.

मराठीत बोलले असते तर ते घरातल्या घरात राहिलं असतं. पण स्वामीनाथांना मराठी येत नव्हती.

मी ओट्याच्या पायऱ्या उतरले. पेनाचं टोपण निघालं होतं.

“साहेब,” मी तमिळात म्हटलं, अलमेलुला, तिच्या मागच्यांना आणि त्यांच्याही मागच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, “ही सवय नाही. हे माझ्याकडे बघत होते.”

आत्याने डोळे मिटून घेतले. चक्रावरचे हात सुटले आणि सेतूने शेवटी मान वळवून माझ्याकडे पाहिलं; आरशातून नव्हे, सरळ. मी मनात म्हटलं, आता एवढं निघालंच आहे, तर अर्धं कशाला ठेवायचं?

“आणि यांनी बघावं,” मी म्हटलं, “म्हणूनच मी इथे उभी होते.”