आप्पांचा खडू

उचगावच्या फाउंड्रीत त्या सकाळी अनुजा अर्धा तास आधीच पोचली, आणि दारातच तिच्या काळजात धस्स झालं. आत अंधार. धुकं पार भट्टीपर्यंत शिरलेलं. आणि कुठंतरी खडू घासल्याचा आवाज... कर्र... कर्र...

आता आप्पांना जाऊन तीन महिने झाले होते की! मालक असून रोज सकाळी खडू घेऊन फिरायचे. प्रत्येकाच्या जागेवर त्याच्या कालच्या कामाबद्दल एक ओळ लिहायचे आणि संध्याकाळी ओल्या फडक्यानं स्वतः पुसायचे. ‘गुंडू, कालचे साचे एक नंबर.’ त्या एका ओळीसाठी माणसं ताप अंगावर काढून यायची. त्यांचा मुलगा पृथ्वीराज मात्र काचेच्या केबिनमध्ये मान खाली घालून बसायचा. आपण मेलो काय, जगलो काय, ह्याला पत्ता नाही, असं अनुजाला वाटायचं. आणि गेल्या पंधरवड्यात त्या ओळी परत उमटायला लागल्या. तेच तिरकं अक्षर! गुंडूनं घाबरून नारळसुद्धा फोडला.

अनुजा तयार माल तपासायची. तिच्या पर्समध्ये आज राजीनामा होता, पुण्याची नोकरी ठरली होती. जायच्या आधी कोण लिहितंय ते बघायचंच, म्हणून ती आली होती. आता मात्र तिनं दारातूनच हाक मारली.

“कोण हाय तिकडं?”

धुक्यातून दोन पांढरे हात पुढं आले.

“ओरडू नका! मी... पृथ्वीराज!”

“व्हय साहेब? जीव गेला असता की माझा! भुताचं सोंग कशाला?”

“तोंडानं बोलायला जमत नाही हो मला. घशातच अडकतं. आणि आप्पांच्या भुताला निदान लोक मान तरी देतात.”

ती खुदकन हसली. त्याच्या पापण्यांवरसुद्धा खडूची भुकटी होती. दिसायला बरा होता की मेला!

“माझ्या टेबलावर बरं जमलं काल लिहायला? ‘जाऊ नको पोरी’ म्हणून? राजीनाम्याचं कुणी सांगितलं तुम्हाला?”

त्याचा चेहरा उतरला. “राजीनामा?... तुमच्या टेबलावर मी कधीच लिहिलं नाही. रोज खडू टेकवायचो... पण काहीही लिहिलं तरी जास्तच होईल, असं वाटायचं.”

दोघं एकदमच तिच्या टेबलापाशी गेले. ओळ नवी होती. शेजारी खडू अजून गरगर फिरत होता.

‘पृथ्वी, तोंडानं सांग.’

अनुजाच्या अंगावर सरसरून काटा आला. तेवढ्यात भोंगा झाला. माणसं आत आली, दिवे लागले. पृथ्वीराज भट्टीसमोर उभा राहिला, कपाळावर घाम.

“गेल्या महिन्यात अनुजाताईंनी...” तो अडखळला. “अनुजा पाटलांनी गाड्यांच्या ब्रेकचा चीर गेलेला माल परत भट्टीत पाठवला. मी तेव्हा त्यांच्यावर चिडलो होतो. चुकलो. तो माल गेला असता, तर रस्त्यावर कुणाचा तरी जीव गेला असता.”

गुंडूनं सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. अनुजाचे डोळे भरून आले.

“हे कामाचं झालं,” पृथ्वीराज तिच्याजवळ येऊन पुटपुटला. “दुसरं एक... चहा घेताना सांगू?”

“हितंच सांगा की! आप्पा ऐकत असतील.”

“मला... तुम्ही फार आवडता. जाऊ नका.”

“एवढं सांगायला आप्पांना परत यायला लागलं, व्हय?” म्हणत तिनं राजीनामा पर्समधून काढला आणि टराटरा फाडला.

मग दोघं टेबलापाशी आले. ओळ पुसलेली होती. आणि टेबलाच्या कडेला, नीट घडी घालून, एक ओलं फडकं ठेवलेलं होतं.