मोजके जंतू चालतील

"संध्याकाळच्या बैठकीत माझी उचलबांगडी होणार, बाबा," मुलगी म्हणाली आणि शिंप्याने चहाचा घोट तसाच गिळला.

थंड पदार्थांच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेची प्रमुख होती. तिथलं बटाट्याचं सॅलड खाऊन वृद्धाश्रमातली तिघं इस्पितळात पडली होती. सॅलडमध्ये किती जंतू चालतील, ती मर्यादा तिनेच ठरवली होती.

"पण चालतीलच का? एकही नको ना!"

"किती वेळा सांगू? हे जंतू थंडीला भीत नाहीत, आंबटाला भितात. आंबट सॅलडमध्ये ते वाढत नाहीत. मोजके असले तर बाधत नाहीत."

शिंप्याने समजल्यासारखी मान हलवली. शेजारी बसलेली त्याची थोरली बहीण खाजगी गुप्तहेर होती. तिने चपला पायात सरकवल्या.

"ऊठ रे. भाचीवर आळ आलाय आणि तू चहा कसला पितोस?"

कारखान्याचा मालक घुश्शात होता. "तपासणीत पास झालेला माल! तोच सगळ्या कॅफेंना गेला, तिथे कुणी शिंकलंसुद्धा नाही. म्हातारी माणसं मात्र आजारी पडली. मर्यादाच ढिली होती, दुसरं काय?"

ड्रायव्हर नजर चुकवत बोलला. "गाडी शेवटपर्यंत थंड होती, ताई. कॅफेंचा माल यंत्र भरतं. आश्रमाचा डबा कारखान्याचा आचारी हाताने भरून देतो. मी नुसता पोचवतो."

"हाच तो," शिंपी बहिणीच्या कानात पुटपुटला. तिने लक्षच दिलं नाही.

आचाऱ्याचे डोळे रडून सुजले होते. "आजारी तिघांत माझी आई आहे. मी वाईट करीन का कुणाचं? पूर्वी सॅलड पाहिलं की नाक मुरडायची. आताशा वाटी चाटूनपुसून संपवायची."

"आता कशी आहे?"

"धोका टळला म्हणतात. पण तोंड आलंय, हिरड्या हुळहुळतात. ते जुनंच दुखणं."

ताईने आश्रमात उरलेलं सॅलड मागवलं आणि भाचीकडे दिलं. संध्याकाळी ताई तडक बैठकीत शिरली.

"गाडी थंड होती आणि मर्यादाही बरोबर होती," ती म्हणाली. "नाक मुरडणारी आई अचानक वाटी चाटायला लागली. हिरड्या दुखत असताना आंबट सॅलड कसं गेलं? कारण ते आंबट नव्हतंच! हाताने भरलेला डबा एकच, आश्रमाचा."

भाचीने आंबटपणा दाखवणाऱ्या दोन कागदी पट्ट्या टेबलावर ठेवल्या. कॅफेच्या सॅलडची लाल झाली होती, आश्रमाच्या सॅलडची नाही.

आचाऱ्याने हात जोडले. "आईसाठी त्या डब्यात व्हिनेगरचं मिश्रण घातलंच नाही. फ्रिजमध्ये टिकेल असं वाटलं हो!"

"मोजकेच जंतू होते," ताई म्हणाली. "आश्रमाच्या फ्रिजमध्ये निवांत वाढले."

मालकाने कपाळ पुसलं. "मग आजपासून सगळीकडे शून्य!"

"नको," मुलगी शांतपणे म्हणाली. "आंबट सॅलडला आहे तीच मर्यादा पुरे. आश्रमासाठी बिनआंबट करू, पण त्यात एकही जंतू चालणार नाही. वाढायला वाव आहे आणि खाणारे थकलेले आहेत. काका, तुम्हीच करा ते. फक्त आधी मला विचारा."

आचारी हुंदके देत हो म्हणाला. उचलबांगडीचा विषय मग कुणी काढलाच नाही.

शिंप्याने जन्मभर मापं घेतली होती. एकच माप सगळ्यांना बसत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. मुलगी काय काम करते ते त्याला आज पहिल्यांदा कळलं.

"माझी मुलगी आहे ती," बाहेर येऊन त्याने ड्रायव्हरला सांगितलं.

"माहीत आहे, काका."

शिंप्याने तरी पुन्हा सांगितलं.