पालथा कप

ही घटना खरी आहे. जन्मभर थापा मारून लोकांना हसवलं, त्यामुळे कोणी विश्वास ठेवत नाही. चूक माझीच.

मंगळवार होता. दुपारचे चार. चौकातलं जुनं हॉटेल. अर्ध्या गावाची लग्नं तिथे जुळली आणि त्या लग्नांतली भांडणंही तिथेच मिटली.

खिडकीजवळचं टेबल आमचं. गुरुजी, कंपाउंडर, शिंपी, पोस्टमास्तर आणि मी. तीस वर्षं रोज चारला. जो येणार नसेल, त्याच्या जागेवर मालक कप पालथा घालून ठेवत.

मी महिनाभर लेकीकडे होतो. परतलो तो थेट हॉटेलात.

चौघेही बसले होते.

मी प्रवासातला किस्सा सांगितला. चौघे हसले.

दुसरा सांगितला. त्यालाही हसले.

गुरुजी तीस वर्षांत माझ्या विनोदाला हसले नव्हते. तिथेच शंका यायला हवी होती. पण समोर कोणी हसलं की माझी अक्कल गहाण पडते.

मग जाणवलं... कपबशीचा आवाज नाही. शिंप्याचा नेहमीचा खोकला नाही.

चौघांसमोरचे कप... पालथे होते.

"चहा नाही घेत का रे?"

चौघे हसले.

कसाबसा बाहेर पडलो, रस्ता ओलांडला. समोर काचेचं नवं हॉटेल झालं होतं.

काचेआड... तेच चौघे. चहा पीत.

मी आत शिरलो. "तुम्ही आत्ता तिकडे होतात ना?"

"छे, तीनपासून इथेच आहोत," शिंपी खोकत म्हणाला.

"इथे यायला लागून महिना झाला," पोस्टमास्तर बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"आणि मला कळवलं नाहीत?"

गुरुजींनी चष्मा पुसला. "कसं सांगायचं, बाबा... तेच ते किस्से. कान किटले रे."

मी बसायला जागा शोधली. टेबलाला खुर्च्या चारच होत्या.

जुन्या हॉटेलात परतलो. टेबल रिकामं.

"मघाशी कोण हसत होतं हो?"

"ऐकलं मीही," मालक हळूच म्हणाले. "पण वळून बघितलं नाही."

तरी मी रोज जाऊ लागलो. भीती वाटायची. पण ते चौघे माझी वाट बघायचे. खऱ्यांपेक्षा बरे.

काल दारातच हसणं ऐकू आलं...

माझ्या खुर्चीत कोणीतरी पाठमोरं. माझा तपकिरी कोट. तो तर माझ्या अंगात होता.

प्रवासातला किस्सा चालला होता. माझ्यापेक्षा चांगला रंगवला होता, हे कबूल करायला हवं.

टेबलावर पाच कप. पाचही पालथे.

मालक माझ्याकडे बघतच राहिले. "तुम्ही? सकाळीच सांगून गेलात ना, आजपासून येणार नाही म्हणून?"

आत्ता चार वाजलेत. कोट घालून घराच्या दारात उभा आहे.

तीस वर्षांत पहिल्यांदाच, कुठे जायचं ते कळत नाही.