शेवटच्या खिडकीचा पडदा

वाचनालयाच्या पडद्यांचं काम टेलरमास्तरांकडे आलं, तेव्हा तिथं शनिवारी दुपारी काय चालतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. गळ्यात टेप आणि ओठांत पिन धरून ते स्टुलावर चढले होते आणि पहिल्या खिडकीला पडदा लावत होते. खाली पाचसात माणसं खुर्च्या गोल मांडून बसली होती, आणि वाचनालयातल्या बाई त्यांना गोष्ट वाचून दाखवत होत्या.

वाचता वाचता बाई थांबल्या. नुसत्या श्वास घ्यायला.

"हं!" वरून आवाज आला. चांगला खणखणीत.

सगळ्यांच्या माना वर झाल्या. मास्तरांच्या ओठांतली पिन खाली पडली.

"काही म्हणालात का, मास्तर?"

"नाही... म्हणजे हो. सवय आहे. तुम्ही वाचा."

"हुंकार द्यायचा तर खाली बसून द्यावा. वरून दिलात की आकाशवाणी झाल्यासारखं वाटतं."

हशा पिकला. निवृत्त पोस्टमनकाकांना तर ठसकाच लागला. मास्तर कानापर्यंत लाल झाले, पण मुकाट्यानं खाली उतरले आणि कडेच्या खुर्चीवर बसले. बाईंनी पुढचं वाक्य वाचलं आणि पुस्तकावरून हळूच त्यांच्याकडे पाहिलं... हुंकार येतो का, ते बघायला.

सवय खरीच होती. मास्तरांची बायको दुकानात त्यांच्या मशीनशेजारी बसून गोष्टी वाचायची. हात आणि डोळे कामात असले तरी कान रिकामेच असतात, असं तिचं म्हणणं. मशीनच्या खडखडाटात तिला ऐकू जावं म्हणून हुंकारही जोरात द्यावा लागे. नाही दिला की ती थांबायची. "कुठं गेलात?"

मग तीच गेली. मशीन चालू राहिलं, पण कुठं गेलात म्हणून विचारणारं कुणी उरलं नाही. संध्याकाळी कुलूप उघडून घरात शिरलं की मास्तर आधी रेडिओ लावत. तो काय बोलतो ते मात्र ऐकत नसत.

पडदे सगळेच शिवून तयार होते. तरी पुढच्या शनिवारी मास्तरांनी एकच लावला. त्याच्या पुढच्या शनिवारीही एकच.

"मास्तर," बाई खुर्च्या लावता लावता म्हणाल्या, "तुमचं मशीन पायी चालतं की बैलगाडीनं?"

"घाईचं काम कच्चं होतं, बाई."

"असं? मग त्या कोपऱ्यातल्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं काय आहे?"

मास्तरांनी पिशवी पायानं खुर्चीखाली सरकवली. "ते... दुसऱ्याचं आहे."

"दुसऱ्याच्याही खिडक्या आमच्याच मापाच्या दिसतात," बाई म्हणाल्या आणि हसू लपवायला पुस्तकाची पानं चाळू लागल्या.

एकेक पडदा लागत गेला, तसं दालनातलं ऊन सरकत गेलं. शेवटी एकच खिडकी उघडी राहिली, बाईंच्या खुर्चीसमोरची. तिच्यातून ऊन थेट त्यांच्या तोंडावर येई. त्या डोळे बारीक करून वाचत, आणि कपाळावर आलेली पांढरी बट मागे सारायच्या निमित्तानं मास्तरांकडे बघून घेत.

त्या शनिवारची गोष्ट विनोदी होती. मास्तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. घरी येतानाही वाटेत एकटेच हसत होते. कुलूप उघडलं, आणि किल्ली हातातच राहिली. आज दुपारभर त्यांना बायकोची आठवण आलीच नव्हती. एकदाही नाही.

रेडिओ लावला नाही. ते तसेच अंधार पडेपर्यंत बसून राहिले.

पुढच्या शनिवारी ते गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. शेवटचा पडदा दुकानाच्या फळीवर घडी घालून पडून राहिला.

आणि मग एका दुपारी शिवणीवर कुणाची तरी सावली पडली. मास्तरांनी मशीन थांबवलं.

"शेवटच्या खिडकीतून ऊन थेट डोळ्यांत येतं," बाई दारातूनच म्हणाल्या. "वाचता येत नाही."

"उद्या देतो लावून."

"उन्हाचं नुसतं निमित्त हो. ऊन तर आधीही होतं." त्यांनी हातातलं पुस्तक छातीशी धरलं होतं. "वडिलांना मी रोज वाचून दाखवायचे. शेवटी शेवटी त्यांचा हुंकार थांबला. तरी वाचतच राहिले... ते गेल्यावरही भिंतींना वाचलं. भिंत कधी हं म्हणत नाही, मास्तर."

मास्तरांनी ग्राहकांसाठीचं स्टूल पुढे सरकवलं.

"बायको एक गोष्ट वाचून दाखवत होती," ते म्हणाले. "अर्धी राहिली. एक मुलगी होडीत बसते, तिथपर्यंत."

"पुढची शोधून वाचू?"

"नको." त्यांनी मान हलवली. "ती तिची आहे. होडीतच राहू दे."

बाईंनी मान डोलावली. त्या निघतील असं मास्तरांना वाटलं... पण त्या आत येऊन स्टुलावर नीट बसल्या आणि हातातलं पुस्तक उघडलं.

"मग ही पहिल्या पानापासून. ही कुणाचीच नाही अजून."

"मशीन बंद ठेवू?"

"चालू ठेवा. मला मोठ्यानं वाचता येतं."

मशीन सुरू झालं. बाई वाचू लागल्या, आधी चाचरत, मग आवाज चढवून. पहिला परिच्छेद संपला. त्या ओळीवर बोट ठेवून थांबल्या. मास्तरांचा पाय चालत होता, मान खाली होती, पण हुंकार आला नाही.

बाई थांबूनच होत्या. मग हलकेच म्हणाल्या, "कुठं गेलात?"

मास्तरांचा पाय थांबला. हे तिचे शब्द आहेत, हे बाईंना कुणी सांगितलं नव्हतं.

"इथंच आहे," ते म्हणाले. डोळे पुसून त्यांनी पुन्हा पाय मारला, आणि मशीनच्या खडखडाटावरून ऐकू जाईल असा खणखणीत हुंकार दिला.

"हं!"