दसपट ग्लुटामेट

“तीन वाजता सभा आहे. त्यात मला काढून टाकतील,” शू-फेन म्हणाली.

ताइनानच्या विद्यापीठात ती उंदरांच्या मेंदूवर काम करायची. मेंदूच्या वरच्या थरातून खाली मेंदूच्या देठापर्यंत निरोप जातात. ते पोचवणारं रसायन ग्लुटामेट. सोमवारच्या नमुन्यांत ते दसपट निघालं. प्राध्यापक ओऊंच्या मते, ते हिनेच घातलं.

“बाकीची रसायनं?” गुप्तहेर लियाओबाईंनी विचारलं.

“जशीच्या तशी.”

“उंदीर दसपट हुशार झाले असतील, वहिनी,” त्यांचा दीर खुन-शान म्हणाला.

प्रयोगशाळेत मोजणीयंत्रावर खाऊचं हिरवं पाकीट होतं. यंत्र रुसू नये, त्याचा दिवा हिरवा राहावा म्हणून तैवानात असं ठेवायची रीत आहे.

“नारळाचं ना?” खुन-शानच्या तोंडाला पाणी सुटलं.

“हिरवं म्हणजे नारळाचंच,” शू-फेन म्हणाली.

लियाओबाईंनी पाकीट उलटून पाहिलं आणि परत ठेवलं.

सहकारी जुंग-वेई म्हणाला, “शनिवारी यंत्र अडून बसलं. रविवारी मी आजीकडे होतो. सोमवारी आलो, तर वर हे पाकीट आणि यंत्र गुणी बाळासारखं चालू.”

ओऊ कपाळाला आठ्या घालूनच बसले होते. “समुद्री शेवळाच्या चवीचा खाऊ ठेवून यंत्र चालतं, असलं माझ्यासमोर बोलू नका.”

“रविवारी आला होतात?” लियाओबाईंनी विचारलं.

“नमुने विरघळवायचं पाणी भरायला. बस.”

लियाओबाईंनी नमुन्याशिवाय नुसतं ते पाणीच यंत्रात मोजायला लावलं. पडद्यावर ग्लुटामेटची रेघ उंच चढली.

“पाण्यात मेंदू कुठून आला?” खुन-शानने डोकं खाजवलं.

“मेंदू नव्हे भावजी, चव. शेवळात ग्लुटामेट भरपूर, आपल्या सूपची गोडी त्याचीच. शू-फेनला लबाडी करायची असती, तर तिने नमुन्यांत घातलं असतं. कोरं पाणी कशाला नासवेल? आणि पाकीट सगळे नारळाचं समजतात. शेवळाचं असं फक्त मागे बारीक छापलंय. ते विकत घेणाऱ्यालाच ठाऊक असणार, आणि मघाशी शेवळाचं नाव तुम्हीच घेतलंत. दुकानात नारळाचं संपलं होतं ना, सर? तुम्ही हिरवा रंग पाहिलात आणि उचललंत. एक यंत्राला, एक स्वतःला. मग त्याच बोटांनी पाणी भरलंत.”

ओऊंनी आपल्या बोटांकडे पाहिलं.

“यंत्र बंद राहतं, तर हिचा प्रबंध लांबला असता,” ते पुटपुटले. मग आणखी हळू, “सभेत पाकिटाचंही सांगावं लागेल?”

“हात तुमचा होता, एवढं सांगितलंत तरी भागेल,” लियाओबाई म्हणाल्या. “फक्त सांगताना शू-फेनकडे बघा.”