लॅपविंगवरचे तीन नळ

सकाळपासून डोरीन लॅपविंगवर, तिच्या राहत्या बोटीवर, पाण्याच्याच मागे लागली होती. तिने आधी टाकी रिकामी केली, मग पंपाचा खटका बंद केला, गिझरखालचं बूच काढून शेवटचा थेंब बादलीत घेतला. स्वयंपाकाचा, बेसिनचा आणि शॉवरचा असे तिन्ही नळ पूर्ण उघडून ठेवले. पाइपात राहिलेलं पाणी गोठून फुगलं, तर त्याला पसरायला वाट हवी. ऑडलेमच्या कालव्यावर हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

माहीत नव्हतं ते तिच्या भावाला, क्लिफला.

गेल्या जानेवारीत ती खुब्याच्या ऑपरेशनला गेली, तेव्हा बोट त्याच्या हवाली केली होती. परत आली तर तिन्ही नळ घट्ट बंद. टाकी भरून पंप लावला, तसं तडकलेल्या पाइपातून पाणी भिंतीमागे सुटलं. फळ्या फुगल्या, गादी पिळून काढावी इतकी भिजली. लॅपविंग सोडून तिला दुसरं घर नव्हतं. "नळ मी उघडेच ठेवले होते गं," तोंडातली बडीशेपेची गोळी गालात सरकवत क्लिफ म्हणाला. अख्ख्या धक्क्यासमोर तिने त्याला खोटारडा म्हटलं. एप्रिलमध्ये तो वारला. ती मातीलाही गेली नाही.

आज दुसऱ्या खुब्याची पाळी होती. चारला टॅक्सी येणार होती आणि रात्री थंडी उणे नऊवर उतरणार होती.

पिशवी भरून ती स्वयंपाकाच्या ओट्याशी आली, तर नळ बंद होता.

"नॉरिस!" ती कडाडली. शेजारच्या बोटीवरचा नॉरिस किल्ली घ्यायला आला होता आणि मागच्या दारात बुटांवरचा बर्फ झटकत होता. "नळाला हात लावायला कुणी सांगितलं तुला?"

"मी अजून आत पाऊल तरी टाकलंय का, बाई?"

खरंच, पायरीच्या आत एकही ओला ठसा नव्हता. तिने दातओठ खात नळ उघडला. तो इतका आवळलेला होता, की तिचं मनगट दुखलं.

तेवढ्यात बेसिनकडून किर्र असा आवाज आला. दोघांनीही तो ऐकला. डोरीन काठी आपटत गेली. बेसिनचा नळ बंद झाला होता.

"डोरीन," नॉरिस दारातूनच म्हणाला, "गेल्या वर्षी क्लिफने तिन्ही उघडले, तेव्हा मी इथंच होतो. तुला सांगायला आलो, तर तू मलाही हाकललंस."

"त्याची री ओढायला तू होतासच!"

"बरं. मी टॅक्सी आली का बघतो." किल्ली न घेताच तो उतरला.

तिने बेसिनचा नळ पुन्हा उघडला. मग सुतळी काढली, स्वयंपाकाच्या नळाची मूठ खिडकीच्या कडीला ताणून बांधली आणि तीन गाठी मारल्या. शॉवरचा नळ बघून परत आली. गाठी तशाच होत्या. नळ बंद होता.

पावणेचार झाले होते. शेगडी विझवलेली होती आणि काचेच्या कोपऱ्यांत बर्फ धरू लागला होता.

"माझं घर फोडायचंय तुला?" तिने सुतळीला हिसडा दिला. "तोंड नव्हतं का तुला? ओरडायचंस माझ्यावर! मेल्यावर कसला सूड उगवतोस?"

बेसिन किरकिरलं.

"मुकाट्याने ऐकून का घेतलंस, क्लिफ?"

शॉवर किरकिरला.

आता तिन्ही नळ बंद होते. डोरीन ओट्याला धरून उभी राहिली. तिने उघडलेले नळ आज कुणी हात न लावता बंद झाले होते; गेल्या वर्षी क्लिफचेही तसेच झाले असतील. तिचा राग गेला नव्हता, तो तिच्यावरच उलटला होता.

"उघडे होते," ती ओरडली. "तू उघडेच ठेवले होतेस. मीच खोटी. झालं समाधान?"

बाहेर टॅक्सीचा भोंगा वाजला.

आधी शॉवर किरकिरला.

मग बेसिन.

मग तिच्यासमोरची मूठ, सुतळीसकट, सावकाश फिरत उघडली.

थेंबही पडला नाही. पंप बंद होता, टाकी कोरडी होती. पण नळाच्या थंडगार तोंडावर वाफेचा डाग धरला. विरला. पुन्हा धरला. माणूस जेवढ्या अंतराने श्वास घेतो, तेवढ्याच अंतराने.

वाफेला बडीशेपेचा वास होता.