खिळ्यावर फक्त हार

रक्त काकवीचं होतं. मुंग्या लागल्या, म्हणून प्रेताला दोनदा उठून अंग झाडावं लागलं.

पावसासाठी टँकर मागवला. कॅमेरा सुरू होताच गावातल्या बायका घागरी घेऊन पावसाखाली येऊन उभ्या राहिल्या. दृश्य तसंच ठेवलं.

वाटूर फाट्याच्या पुढे युनिटची गाडी चुकली. मारुतीच्या अलीकडून वळायचं, हे ड्रायव्हरला मागच्या सीटवरून बेबीनंदानं सांगितलं. मालिकेची ही नायिका जन्मानं मुंबईची, असं वर्तमानपत्रात छापून आलं होतं.

जहागीरदाराच्या विधवेचा आक्रोश बाराव्या टेकला जमला. त्या टेकला ग्लिसरीनची बाटली उघडलीच नाही.

खून झालेला जहागीरदार म्हणजे परतूरचे हौशी नट अप्पाराव. त्यांच्या फोटोला हार घातला त्या दिवशी त्यांची बायको सत्यशीला जेवली नाही.

*आत. विश्रामगृहाची खोली. सकाळ.*

"फोटो गेला, हार राहिला," दिग्दर्शक सबनीस म्हणाले.

भिंतीवरच्या खिळ्याला झेंडूचा हार लोंबत होता. एक फूलसुद्धा चुरगळलेलं नव्हतं. सबनीसांनी बोलावलेली शिवकन्या म्हस्के त्याच्याकडे बघत राहिली. ती जालन्यात खाजगी चौकशा करायची. बहुतेक बनावट बियाण्यांच्या. सोबत जीप चालवणारा मावसभाऊ तातेराव होता. तो प्रत्येक प्रकरणात पहिल्या पाच मिनिटांत गुन्हेगार ठरवून मोकळा व्हायचा.

"अप्पारावांची बायको, ताई. बिलकुल तीच," तातेराव म्हणाला.

"फोटो इतका महत्त्वाचा का?" शिवकन्यानं सबनीसांना विचारलं.

"आज मालिकेचा शेवटचा दिवस. काल विधवा हा फोटो छातीशी धरून रडली. आज तोच चुलीत टाकते आणि प्रेक्षकांना कळतं, खून तिनंच केला. फ्रेम तीच लागणार. संध्याकाळी युनिट मुंबईला निघतंय."

"फ्रेम कुणाची?"

"साहेबरावची. गावातलाच माणूस, चार दिवसांसाठी कामाला घेतलाय. जुनी फ्रेम हवी होती, त्यानं घरून आणली. आम्ही काचेखाली अप्पारावांचा फोटो सरकवला. खोलीची चावीही त्याच्याकडेच. दुपारपर्यंत फोटो मिळाला नाही तर त्याला चौकीत देतो."

शिवकन्या वाकली. खिळ्याच्या बरोबर खाली फरशीवर दोन बारीक लोखंडी चुका पडल्या होत्या, फ्रेमची पाठ ठोकून बसवतात तसल्या. तिनं त्या रुमालात बांधल्या.

*बाहेर. व्हरांडा.*

"मी घेतला असता तर सांगून घेतला असता, बाई," सत्यशीला म्हणाली. "जित्या माणसाच्या फोटोला हार घालता व्हय? माझं कुंकू काय रस्त्यावर पडलंय?"

"घेतला असता तर काय केलं असतं?"

"हार तोडून शेळीला घातला असता आधी."

"आणि फोटो?"

"फोटो कशाला? खुद्द माणूस घरी घोरत असतोय ना!"

तातेराव हसला.

*बाहेर. चुलीजवळ.*

साहेबराव चहा गाळत होता. विचारायच्या आधीच म्हणाला, "मीच नेला. लिहून घ्या."

"कशासाठी?"

"फ्रेम माझी हाय. वापस पाहिजे होती."

"कसा नेला?"

"हारासकट पोत्यात घातला."

"आता कुठं आहे?"

तो गाळणी झटकत राहिला.

"घरी काय होतं त्या फ्रेममध्ये?"

"खंडोबा. आई रोज पुसायची. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती. संक्रांतीच्या आधी आई गेली. मंग मी खंडोबा काढून पेटीत ठेवला, फ्रेम यांना दिली."

"पाठीचा पुठ्ठा बदलला?"

"न्हाई. चांगला जाड होता."

"घरात आणखी कोण?"

"मी अन् बायको. वडील तर आईच्याबी आधी गेले. बहीण होती एक." त्यानं पातेलं खाली ठेवलं. "वडलांनी तिच्या नावानं आंघोळ केली होती. चहा घ्या, ताई."

"कबूलच करून राह्यला की हा," परत येताना तातेराव म्हणाला. "चला, जल्दी निघू."

*आत. मेकअपची खोली.*

बेबीनंदा पांढरं लुगडं नेसून तयार होती. "त्याला खरंच चौकीत देणार?"

"कुणाला?"

"त्या साहेबरावला."

"फोटो कुणी नेला असं तुम्हाला वाटतं?"

"मला काय माहीत? मी चार दिवसांची पाहुणी." आणि लगेच, "मारतात का हो चौकीत?"

*आत. मॉनिटर.*

शिवकन्यानं बारावा टेक पाहायला मागितला. पडद्यावर विधवा हुंदके देत होती. मध्येच तिचे हात थांबले. तिनं फ्रेम फिरवली.

"एवढाच घोळ आहे," सबनीस म्हणाले. "नवऱ्याचा चेहरा सोडून फोटोच्या पाठीकडे बघत बसलीय. ते कापावं लागेल. पण रडलीय काय!"

"पुन्हा दाखवा," शिवकन्या म्हणाली.

*आत. विश्रामगृहाची खोली. सगळे.*

"अपशकुनाच्या भीतीनं कुणी फोटो नेला असता, तर आधी हार काढून फेकला असता," शिवकन्यानं सुरुवात केली. "इथं हार नीट ठेवलाय. म्हणजे सत्यशीलाबाई नाहीत. साहेबराव सांगतात, हारासकट नेला. हार तर इथं आहे. म्हणजे ते खोलीत आलेच नाहीत. खोटी कबुली देतायत."

"चोरी न करता कबुली कोण देतं, ताई?" तातेराव म्हणाला.

"दुसऱ्याला वाचवणारा. फरशीवर फ्रेमच्या पाठीच्या चुका सापडल्या. नेणाऱ्यानं पाठ उघडायचा प्रयत्न केला. त्याला अप्पाराव नको होते, आतलं काहीतरी हवं होतं. साहेबरावांची आई त्या फ्रेमला कुणाला हात लावू देत नव्हती. खंडोबा तर सगळ्या गावाचा. त्याला काय लपवायचं? लपवलं होतं ते जाड पुठ्ठ्यात."

ती बेबीनंदाकडे वळली.

"काल फ्रेम छातीशी दाबली तेव्हा पुठ्ठा सुटला आणि आतलं तुम्हाला दिसलं. विधवेनं नवऱ्याकडे बघायचं. तुम्ही पाठीकडे बघत रडलात, तेही ग्लिसरीनशिवाय. तुमच्या ड्रायव्हरनं तातेरावला सांगितलं, मारुतीपासचं वळण तुम्ही दाखवलंत. मुंबईत जन्मलेल्या बाईला ते कसं ठाऊक? आणि साहेबराव कुणासाठी चौकीत जायला तयार झाले? ज्या बहिणीच्या नावानं वडलांनी आंघोळ केली, तिच्यासाठी."

बेबीनंदा उठली. कपड्यांच्या ट्रंकेतून तिनं फ्रेम आणली. पुठ्ठे दोन होते, एकावर एक चिकटवलेले. फटीतून एका फोटोचा कोपरा बाहेर आला होता: जत्रेतलं कापडी विमान आणि त्यात बसलेली दोन वेण्यांची मुलगी.

"आज मी हे चुलीत टाकणार होते," ती म्हणाली. "तेवढा फोटो काढून घ्यायचा होता. पण ओढला असता तर फाटला असता. म्हणून सगळंच नेलं. याला धरतील असं मनात आलं नाही. सकाळपासून सांगायला तोंड उघडत होते. सांगितलं की ही मुलगी कोण, तेही सांगावं लागलं असतं."

"अन् चावी?" तातेरावनं विचारलं.

"पहाटं तिनं मागितली. मी दिली," साहेबराव म्हणाला. "दुसरं काईच बोललो न्हाई आम्ही."

शिवकन्यानं चहाच्या किटलीच्या वाफेवर पुठ्ठे धरले. ते हळूहळू सुटले. फ्रेम, अप्पारावांसह, सबनीसांना मिळाली. सत्यशीलानं नवऱ्याला हाताला धरून बाहेर नेलं, म्हणजे स्वतःला जळताना त्यानं बघू नये.

शॉट एका टेकमध्ये झाला. युनिट सामान भरू लागलं. बेबीनंदा फोटो पदराखाली धरून पायरीवर बसली होती. साहेबराव थोडा लांब उभा राहिला.

"आईचा असला काय अन् तुझा असला काय, फोटो तूच ने," तो म्हणाला. "पण आधी घरी चल. वहिनीनं भाकरी टाकल्यात."

"ती ओळखेल मला?"

"तिला कुठं ठाऊक हाय तू? मी सांगतो. चल."

गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. ती उठली आणि गाडीकडे न जाता मारुतीच्या बाजूला चालू लागली. सबनीस हाका मारत राहिले.

चौदा वर्षांपूर्वी वडील बाजाराला गेले असताना परतूर स्टेशनवर तिला मनमाडच्या गाडीत बसवून दिलं, ते साहेबरावनं.